नमुन्याची पिन

बुधवार पेठेतल्या दुकानदाराने देवस्थळींची तुटकी पिन भिंगाखाली धरली आणि त्याचा चेहरा उजळला. "जर्मन आहे, काका! जुन्या टेपरेकॉर्डरला स्पीकर जोडायची. आता जन्मात मिळायची नाही."

हे आधीच्या प्रत्येक दुकानदाराने देवस्थळींना इतक्याच आनंदाने सांगितलं होतं. पण इथे काउंटरच्या काचेखाली तशीच एक धडधाकट पिन होती.

"मग ही द्या की."

"छे! ती नमुन्याची. विकली तर गिऱ्हाइकाला काय मिळत नाही ते दाखवू कशावर?"

"अहो, माझी बायको गेली दिवाळीत. तिचा आवाज त्या टेपवरच आहे. तासाभरासाठी तरी द्या."

दुकानदार मनापासून हळहळला. "काका, इथे येणाऱ्या प्रत्येकाचं कुणीतरी टेपवर असतंच. हवं तर पिनचा फोटो काढून घ्या."

देवस्थळींनी मोबाइल खिशातच ठेवला. "घरी फोटोच उरलेत हो तिचे."