घाई मुळीच नाही

हिल्डाने ओव्हनमधला पाव अर्धाकच्चाच बाहेर काढला आणि गाडीची किल्ली उचलली.

फोन पलीकडच्या टेकडीवरून आला होता. मिसेस थ्वेट म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांची एकटी बाई, पण मेंढ्यांचा अख्खा कळप एकहाती सांभाळणारी. म्हणाल्या, "हिल्डा पोरी, कधी इकडून जाणं झालं तर डोकावशील का? थोडीशी अडचण झालीय. घाई मुळीच नाही हं."

लंडनहून आलेल्या सुनेचं म्हणणं, घाई नाही म्हणतायत ना, मग पाव तरी नीट भाजू द्या. हिल्डा बूट चढवत होती. "अगं, नवरा गेला तेव्हासुद्धा त्या बाईने कुणाला हाक मारली नव्हती," ती म्हणाली. "तू ॲम्ब्युलन्स बोलाव. ओढ्याला पाणी चढलंय म्हणावं, हेलिकॉप्टरच पाठवा."

यॉर्कशायरच्या या डोंगरात दुखणं सांगताना माणसं असा हात आखडतात की कंजूषानेही शिकवणी लावावी. गाडी ओढ्यातच बंद पडली. हिल्डा गुडघाभर गार पाण्यातून पलीकडे गेली आणि धापा टाकत चढ चढली.

मिसेस थ्वेट गोठ्यात भिंतीशी पडल्या होत्या. एडक्याने सकाळीच धडक दिलेली, मोबाइल हाताशी पडलेला. पाय खुब्यापासून भलतीकडे वळलेला, ओठ निळे पडलेले. अंगातला स्वेटर काढून त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या कोकराला गुंडाळला होता.

"भिजलीस की गं," त्या पुटपुटल्या. "उगाच तुला त्रास."

"कसला त्रास? इकडूनच चालले होते," म्हणत हिल्डाने आपला कोट त्यांच्या अंगावर घातला.

त्या गोठ्याच्या पलीकडे रस्ताच नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मग हिल्डा त्यांना कुशीत घेऊन बसली. डोळे मिटू लागले की लोकरीच्या पडलेल्या भावावरून मुद्दाम वाद काढायची, आणि म्हातारीही हार जाणारी नव्हती. काय बाई होती! शेवटी हेलिकॉप्टर उतरलं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर बाई हाती लागल्या नसत्या.

हेलिकॉप्टर दिसेनासं झालं तशी हिल्डा तिथेच गवतावर बसली आणि तिला रडू कोसळलं. जरा वेळाने डोळे पुसून तिने मेंढ्यांच्या बाजाराला गेलेल्या नवऱ्याला, सेपला, फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. सेपने ऐकून घेतलं. तू बरी आहेस ना, एवढंच विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" हिल्डा म्हणाली. "जराशी दमलेय, बाकी काही नाही. तू सावकाश ये, बाजार आटपून."

फोनवरचा मेंढ्यांचा गलका मागे मागे पडत गेला. मग दार आपटलं, आणि ट्रक सुरू झाला.