काकांचा तोडगा

शिवांगी माइकसमोर उभी राहिली आणि तिने राजीनाम्याचा कागद उलगडला. शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळाची ती पहिलीच महिला अध्यक्ष. पहिल्या रांगेत मंडळाचे संस्थापक नरेंद्रकाका बसले होते. शिकागोत चाळीस वर्षं लोकांची हृदयं दुरुस्त करून निवृत्त झालेले डॉक्टर. त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, वाच. तिचा जीव भांड्यात पडला.

आजची सभा तिच्यावरच्या अविश्वास ठरावासाठी होती. नोटीस महिन्यापूर्वीच निघाली होती आणि आपले गुन्हे तिला पाठ होते. गणपतीसाठी हॉल बुक केला तो चुकीच्या शनिवारचा. मग ऐन वेळी एका शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली आरती करावी लागली. मोदक साठ माणसांना कमी पडले. या सगळ्यावर कडी म्हणजे काकांच्या पंचाहत्तरीचा सत्कार होता आणि त्यांचं मानचिन्हच आलं नाही. ट्रॉफीच्या दुकानाला नाव कोरायला पुरते तीन आठवडे लागतात, जास्तीचे पैसे देऊ केले तरी ते ऐकत नाहीत, हे तिला तेव्हा कळलं. काकांना रिकाम्या हातांनी फोटो काढावा लागला. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर तिची अशी धुलाई झाली की दुसऱ्या कुणीही मंडळाला रामराम ठोकला असता.

तिने ठोकला नाही तो मराठी शाळेपायी. चार वर्षं ती दर रविवारी मुलांकडून बाराखडी गिरवून घेत होती. आता कुठे तिथल्या शाळा चालवणारे डिस्ट्रिक्टवाले मराठी हायस्कूलच्या विषयांत धरायला, तिचं क्रेडिट द्यायला तयार झाले होते. मार्चमध्ये शेवटची मीटिंग होती. अर्जावर अध्यक्ष म्हणून तिची सही होती; अध्यक्ष बदलला की सगळं पहिल्यापासून. एरवी त्या खुर्चीत तिला काडीचा रस नव्हता. शाळेचे पालक तिच्या बाजूने मत द्यायला येणार होते. मतं काठावरची होती, पण जिंकण्याजोगी होती.

मग गेल्या शनिवारी काकांचा फोन आला. जेवायला ये, एकटीच ये. पद्मजाकाकूंनी थालीपीठं लावली होती, वर घरच्या लोण्याचा गोळा. समोर टीव्ही आवाज बंद करून चालू होता. राष्ट्राध्यक्ष अडचणीत आले होते आणि पक्षातले बुजुर्ग त्यांना भेटायला निघाले होते.

"यांना काय जमतंय," काका म्हणाले. "जाऊन सरळ तोंडावर सांगतील, जा म्हणून. माणूस राखून काम करावं ते आपणच. हे बघ शिवांगी, मतदान झालं की मंडळ फुटलंच समज. त्यापेक्षा ठराव मांडायच्या आधी तूच राजीनामा दे."

घास तिच्या हातातच राहिला.

"अगं, आपल्याकडे राजीनामा देतात तो परत घेण्यासाठी. तू वाच. लगेच मी उठतो, आम्ही सगळे माजी अध्यक्ष उठतो. तुला जाऊ देणार नाही म्हणतो. हॉल पाघळेल. मग ठराव मांडायला कुणाची जीभ उचलणार आहे?"

शिवांगीला रडूच आलं. एवढ्या दिवसांत तिच्याशी कुणी असं बोललं नव्हतं. "काका, ते मानचिन्हाचं... मला अजून लाज वाटते."

"ते मी केव्हाच विसरलो गं," काका हसले. नको नको म्हणत असताना काकूंनी तिच्या पानात आणखी एक थालीपीठ वाढलं.

घरी आल्यावर तिने पालकांच्या ग्रुपवर कळवून टाकलं, मतदान होणार नाही, एवढ्या लांब ड्राइव्ह करून येऊ नका. आज येताना गाडीत तिची दहा वर्षांची आन्या विचारत होती, "सो यू आर नॉट रिअली क्विटिंग? इट्स जस्ट प्रिटेंड?"

"हो गं, नाटक आहे," ती म्हणाली होती.

शिवांगीने कागद वाचला. मध्ये आवाज थरथरला, तेवढं नाटकातलं नव्हतं. वाचून झालं तसे काका उठले. पाठोपाठ पहिल्या रांगेतले पाचही माजी अध्यक्ष उठले. मागच्या खुर्चीतून आन्याने आईला हळूच अंगठा दाखवला.

काका सुरेख बोलले. शिवांगीने शाळेसाठी कसे रविवार घातले, नोकरी आणि घर सांभाळून मंडळाचा गाडा कसा ओढला, सगळं सांगितलं. ती मान खाली घालून 'पण'ची वाट बघत होती.

"अशा स्वाभिमानी मुलीला राहा म्हणणं हा तिचा अपमान होईल," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "जड अंतःकरणाने आपण तिचा निर्णय मान्य करू या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारा माणूस, भाषणाच्या भरात वाहवत गेला असेल, आता सावरून घेईल, असंच शिवांगीला वाटलं. एवढं होऊनही तिने मनातल्या मनात त्यांचीच बाजू घेतली. तेवढ्यात पद्मजाकाकू शाल आणि श्रीफळ घेऊन पुढे आल्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. काकांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, एका खोक्यातून काचेचं मानचिन्ह काढलं आणि फोटोसाठी तिला कॅमेऱ्याकडे वळवलं.

तिने खाली बघितलं. काचेवर तिचं पूर्ण नाव होतं, एकही चूक नव्हती. त्याखाली कार्यकाळ कोरला होता, थेट आजच्या तारखेपर्यंत. कोरायला दुकानाला तीन आठवडे लागतात. काकूंची थालीपीठं खाऊन आजचा आठवा दिवस होता.