खाजेची वही

लेकीच्या हातांवरच्या खाजऱ्या चट्ट्यांचं मूळ शोधायला बाबांनी वही ठेवली होती. कारखान्यात जन्मभर मालाची तपासणी केलेला माणूस. जेवण, साबण, कापड, हवा, सगळ्याला पट्टीने आखलेले रकाने. शेवटच्या रकान्यात खाजेला दहापैकी गुण. वांगी बंद झाली, अंडी बंद झाली, लोकरी स्वेटर माळ्यावर गेला, तरी चट्टे हटेनात. डॉक्टरबाईंनी पानं उलटली. "या पंधरा दिवसांत खाज शून्य. तेव्हा काय बंद केलं होतं?" "काहीच नाही," बाबा ओशाळले. "मी बहिणीकडे गेलो होतो. हिने फक्त खाज लिहिली, बाकी रकाने कोरेच ठेवले." लेकीची नखं कोपरावर चालूच होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे. खिशातून पट्टी काढून त्यांनी नवा रकाना आखला, वर लिहिलं, 'मी', आणि आजच्या तारखेपुढे बरोबरची खूण केली.