उत्तराची वाट

"पुस्तक हातात घेणाऱ्याचा रंग पुस्तकाला कळतो का?" एवढं विचारून डेलियाबाई थांबल्या. चर्चमध्ये बोलताना त्या अशाच थांबत आणि बाकाबाकांवरून "नाही!" असा गजर उठे.

इथे कुणी हूं की चूं केलं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका राज्यातल्या गावची ही नगरसभा होती. काळ्या मुलांना वाचनालयात येऊ द्यायचं की नाही, हे आज ठरायचं होतं. सभासद सगळे गोरे. काळे पालक मागच्या बाकांवर, तेही तोंड न उघडण्याच्या अटीवर; त्यांच्या वतीनं बोलायची परवानगी एकट्या डेलियाबाईंना. आपण कुठे बोलतोय हेच विसरल्याचं बाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांचे कान तापले.

"झालं ना? बसा आता," अध्यक्ष हसून म्हणाले.

"उत्तर आलं नाही अजून," बाई म्हणाल्या. "शाळेत शिकवते मी. थांबायची सवय आहे."

त्या उभ्याच राहिल्या. सभासद टेबलाकडे बघू लागले. अखेर त्यांच्यातला सर्वांत म्हातारा पुटपुटला, "नाही."

"जरा मोठ्यानं. मागच्या बाकांना ऐकू गेलं नाही."

म्हाताऱ्यानं घसा खाकरला. "नाही कळत!" तो खणखणीत म्हणाला आणि मतदान पुकारण्याआधीच त्यानं हात वर केला. मग त्याच्या शेजारच्यानंही.