पोचेपर्यंत झाडू नाही

"झाडू ठेव खाली," पार्वताबाई म्हणाली. "राजदीप पोचला नाई अजून."

अल्काने कपाळावर हात मारून घेतला. नवरा काल कॅनडाला निघाला आणि तेव्हापासून सासूबाईंनी घरात झाडू चालू दिला नव्हता. माणूस गावाला गेला की तो मुक्कामी पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, झाडलं तर त्याची वाट पुसली जाते, असं त्यांचं म्हणणं. सासरे नागपूरला जात तेव्हा ठीक होतं. ते दिवेलागणीपर्यंत पोचत आणि घर झाडून व्हायचं.

आता घराचा नुसता उकिरडा झाला होता. निरोप द्यायला अर्धं गाव लोटलं होतं. मुरमुरे, शेंगदाण्याची टरफलं, चपलांची माती. पाय टाकला की कर्रकन वाजायचं. त्यात मुंग्या लागल्या. आणि उद्या अल्काच्या शाळेतल्या बाया जेवायला येणार होत्या. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या घराचा हा अवतार!

"आई, टोरांटो म्हणजे शेजारचं कोहमारा गाव नाही जी," ती दात-ओठ खात म्हणाली. "बारा हजार किलोमीटर आहे. नागपूरहून दोहा साडेचार तास. तिथं बसून राहा. मग दुसरं विमान, चौदा तास. तेवढा वेळ झाडायचंच नाही का?"

"दूर आहे म्हून तं नाई झाडाचं," पार्वताबाई म्हणाली. "जवळ असता तं मीच नसतं का झाडलं?"

पालथ्या घड्यावर पाणी. अल्काने हात टेकले. खरं तर तिचं डोकं कालपासूनच फिरलेलं होतं. दोन वर्षांसाठी चाललेल्या माणसाशी ती निघतानाच भांडली होती. "जा एकदाचे," असं तोंडातून निघून गेलं, आणि ते काही केल्या गिळता येत नव्हतं.

संध्याकाळी मुंग्या साखरेच्या डब्यात शिरल्या, तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. तिच्या हिशेबाने विमान उतरायलाच आलं होतं. तासाभराने असा काय फरक पडणार?

"आई, पोचले ते," ती मोबाइलकडे बघत म्हणाली. "मेसेज आला."

पार्वताबाईने हात जोडले आणि शेजारच्या वच्छलाला सांगायला ती लगबगीने गेली. अल्काने झाडू उचलला. कोपरान् कोपरा झाडला, सूप भरभरून कचरा मागच्या खड्ड्यात टाकला. कालपासून पहिल्यांदाच तिला मोकळं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. राजदीप होता.

"दोहालेच अडकून होतो दिवसभर. फोनची बॅटरी संपली होती," तो म्हणाला. "आता बसलो विमानात. तिकडे बर्फाचं वादळ आहे म्हणतात. अल्का, मले भेव लागून राहिला वो. फोन बंद कराले सांगून राहिले."

तिने काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

ती लखलखीत ओसरीत उभी राहिली. झाडूचा आणि विमानाचा काडीचाही संबंध नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मुलांना ती हेच शिकवत होती. तिने सूप उचललं आणि खड्ड्यापाशी गेली. दोन्ही हातांनी मुरमुरे, टरफलं, माती गोळा केली. घरात आली आणि तो कचरा ओसरीभर पसरू लागली. मग मधल्या खोलीतही टाकला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात स्वच्छ नव्हता.

वळली तर दारात पार्वताबाई. तिने सुनेच्या हातातलं सूप पाहिलं, भुईवरचा कचरा पाहिला.

"आई, ते अजून..." अल्का सांगू लागली.

पार्वताबाईने पदर खोचला, सूप आपल्या हातात घेतलं आणि म्हणाली, "चुलीपाशीबी टाकू. तिथं जास्त होता."