निम्मी बाटली

"बाटली संपली?" एमआरआयच्या ताईंनी विचारलं.

"थेंब उरला नाही," मी म्हणालो. खरंच नव्हता.

नऊ वर्षांच्या भाचीचं आतडं सुजलेलं. लिटरभर औषधी पाण्याने ते फुगलं, तरच फोटोत नीट दिसणार, आणि त्यावरच ऑपरेशनचं ठरणार. निम्म्यावर ती रडायला लागली. तिच्या ताटातलं उरलेलं मी नेहमीच संपवतो, अगदी कारलंसुद्धा. त्याच सवयीने उरलेली बाटली मी पिऊन टाकली.

पहिला फोटो पाहून ताई बाहेर आल्या. "आतडं अर्धं रिकामं दिसतंय. पाणी गेलं कुठे?"

माझ्या पोटाने मोठ्याने उत्तर दिलं.

दुसरी बाटली भाचीने माझ्याकडे पाठ करून, नाक दाबून संपवली. "मामा, तू फक्त दाराशी थांब."

मी थांबलो. मग टॉयलेटकडे पळालो. आलो, पुन्हा पळालो.

तिला बाहेर आणलं तेव्हा मी भिंतीला टेकून घाम पुसत होतो. फोटो मिळाले, ऑपरेशनचं उद्या कळणार.

"किती वेळा?" भाचीने विचारलं.

"सात."

"मला शाळेत रोज एवढ्या वेळा जावं लागतं." तिने पिशवीतून मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे धरली. "पी. उरलं तर मी संपवते."