अर्ध्या दांडीचा ब

"आज मी इथून हलणार नाही," दादूने गोणपाटाच्या कडेला बसकण मारली. "विकायला कोण येतो ते या डोळ्यांनी बघणार."

गुणाजी पोत्यातली हत्यारं गोणपाटावर मांडत राहिला. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकाबाहेर तो दर रविवारी जुनी हत्यारं मांडून बसे. गिरण्यांच्या संपानंतर छिन्न्या, लोखंडावर खुणा ठोकायचे पंच, कानशी पोत्यांनी यायला लागल्या होत्या. कामगाराने हत्यार विकायला काढलं की समजावं, पाणी गळ्याशी आलंय.

याच ढिगात दादूला अधूनमधून आपल्या मुलाची हत्यारं सापडत होती. बाळा फिटर झाला तेव्हा दादूनेच त्याच्या प्रत्येक हत्यारावर 'ब' ठोकला होता. ठोकायचा अक्षर-पंच झिजलेला, म्हणून 'ब'ची दांडी सगळीकडे अर्धीच उमटली.

पुढे बापलेकांचं वाजलं. "पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस," दादू रागाच्या भरात बोलून गेला. बाळा हत्यारांची पेटी उचलून जो गेला तो गेलाच. त्याच साली दादूच्या हृदयाने दगा दिला. तो हॉस्पिटलात पडून होता तेव्हाही पोरगा फिरकला नाही. यांना कसलाही त्रास होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी दादूच्या बायकोला, सुगंधाला बजावलं होतं.

"मागच्या खेपेची छिन्नी आठवते?" दादू म्हणाला. "गंजाचा ठिपका नाही. वास घेतला तर खोबरेल! फिटर कधी खोबरेल लावतो का रे? आईचं लाडकं ना मेलं."

"ऊन वाढलंय दादू. घरी जा."

"अडलाय म्हणून विकतोय. पण आहे, इथेच कुठेतरी आहे. भेटला की एवढंच सांगणार, मी बोललो ते मागे घेतलं. मग मेलो तरी चालेल."

गुणाजीने सरळ ठेवलेला पाना उचलून पुन्हा सरळ ठेवला.

दुपारी सुगंधा डबा घेऊन आली. "अहो, दोन घास खाऊन घ्या, गोळी राहिलीय. आणि भावोजी, खालचा कप्पा तुमचा."

"मला चारचौघांत जेवण जात नाही," म्हणत गुणाजी आपला कप्पा घेऊन हातगाडीमागे गेला.

दादूने भाकरी-सुकट खाल्ली ती फाटकावर नजर ठेवूनच. सुगंधाने तळहातावर गोळी ठेवली, पाणी दिलं, तेवढीच काय ती नजर हलली. मग रिकामा डबा पिशवीत घालून ती निघून गेली.

उन्हं उतरली. माणसं आली, पाने उलटेपालटे करून गेली. बाळा काही आला नाही. आवराआवर करताना गुणाजीने ढिगातून बोटाएवढा पंच काढून दादूच्या हातात दिला. त्यावर अर्ध्या दांडीचा ब होता.

"हा कधी आला?"

"तू जेवत होतास तेव्हा."

"आणि मला हाक नाही मारलीस?"

"घाईत होता. ठेवला नि गेला."

"कसा दिसत होता रे?"

गुणाजी गोणपाटाची घडी घालू लागला. "बरा होता."

दादू भररस्त्यात रडला. घरी पोचला तेव्हा मात्र त्याचा चेहरा फुलला होता. "आलेला गं! मी गोळी घ्यायला मान खाली घातली, नि तेवढ्यात येऊन गेला. बरा आहे म्हणे. पुढच्या रविवारी परत बसतो."

"बसा," सुगंधा म्हणाली. "मी डबा आणीन."

पंच मुठीत धरून दादू आडवा झाला. कितीतरी दिवसांनी त्याला पडल्यापडल्या झोप लागली.

सुगंधाने डब्याच्या खालच्या कप्प्याला लागलेलं खोबरेल राखेने घासून काढलं. हात पुसले. मग तांदळाच्या पिंपामागची पेटी ओढून तिने झाकण उघडलं. दादू हॉस्पिटलात असताना बाळाच्या अस्थींबरोबर घरी आलेल्या त्या पेटीत आता एकच छिन्नी उरली होती.